सलोमीच्या डोक्यावर हात

कांताबाईंच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिला आशीर्वाद द्यायचाच, असं जयवंताबाईंनी ठरवलं ते देवळात, उपासना चालू असताना, आणि खरं सांगायचं तर रागाच्या भरात.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा मे महिना. पाळक आनंदराव हिवाळे यांनी चष्मा वर सरकवून लग्नाची सूचना वाचायला घेतली होती. ख्रिस्ती मंडळीत लग्न ठरलं की तीन रविवार नवरा-नवरीची नावं देवळात वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, असं विचारतात. "अजनीचे रवींद्र आणि नंदनवनच्या कांताबाईंची कन्या सलोमी," असं पाळकांनी वाचलं मात्र, बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना जयवंताबाईंकडे वळल्या. म्हाताऱ्यांच्या वळल्या, लेकुरवाळ्यांच्या वळल्या, एरवी उपासनेत डुलक्या काढणाऱ्यांच्यासुद्धा वळल्या.

जयवंताबाई समोर बघत ताठ बसून राहिल्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी सिस्टर म्हणून आयुष्य काढलं होतं, आणि निवृत्त होऊनही त्यांच्या बसण्यात वॉर्डाचा दरारा उरला होता. यांना तमाशा पाहायचाय, त्यांच्या मनात आलं. मी उठून हरकत घेईन, नाहीतर तोंड फिरवून निघून जाईन, असं वाटतंय यांना. थांबा म्हणावं. त्या पोरीला असा आशीर्वाद देते की तुमच्या माना परत सरळ व्हायला महिना लागेल.

निश्चय झाला तो असा. त्यात भक्ती किती आणि खुन्नस किती, हे देवालाच ठाऊक.

आता या मंडळीची एक जुनी रीत सांगायला हवी. नवरीच्या डोक्यावर जी पांढरी जाळी घालतात, ती विकत घेणं पूर्वी प्रत्येकीला जमत नसे. मिशनच्या एका गोऱ्या मिससाहेबांनी मायदेशी परतताना आपली जाळी मंडळीतल्या बायकांना देऊन टाकली, आणि ती सांभाळायचं काम जयवंताबाईंच्या सासूकडे, बायजाबाईंकडे आलं. तेव्हापासून कोणाही मुलीचं लग्न निघालं की तिची आई साखरेची वाटी घेऊन जाळी मागायला येणार. जाळी सांभाळणारी बाई त्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकणार, म्हणजे होकार झाला. मग ती जाळी रिठ्याच्या पाण्यात धुणार, लग्नाच्या दिवशी देवळाच्या बाजूच्या खोलीत नेऊन स्वतःच्या हातानं नवरीच्या डोक्यावर घालणार आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणार. पाळकांचा आशीर्वाद त्यानंतर. बायजाबाईंनी हा आशीर्वाद आपल्याच बोलीत रचला होता, आणि तो मिळाल्याशिवाय लग्न पक्कं झालं असं मंडळीतल्या म्हाताऱ्या मनातून मानत नसत. पाळकांना हे माहीत होतं. ते काही बोलत नसत, कारण म्हाताऱ्या बायकांशी वाद घालून आजवर कोणत्याच पाळकाचं भलं झालेलं नाही.

सासूच्या पश्चात जाळी जयवंताबाईंकडे आली. मंडळीतल्या झाडून साऱ्या पोरींच्या डोक्यांवर त्यांनी हात ठेवला. एक डोकं तेवढं राहिलं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या शामलाचं.

शामलाचं लग्न जबलपूरच्या एका मास्तरांशी ठरलं होतं. तिचीही नावं दोन रविवार वाचून झाली होती. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या आत्याला कांताबाईंनी सांगितलं, की पोरीला मिरगी येते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कांताबाई तेव्हा मिशनच्या आवारात जयवंताबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहत, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांवर कोणीही विश्वास ठेवला असता. तिसऱ्या रविवारी नावं वाचलीच गेली नाहीत. शामलानं उमरेडला शाळेत नोकरी धरली आणि ती तिकडेच राहिली. पुढे कांताबाई नंदनवनात घर बांधून गेल्या. दोघींचं बोलणं तेव्हा तुटलं ते तुटलंच. एकाच देवळात बसायच्या, एकाच पेल्यातून प्रभुभोजन घ्यायच्या, आणि दारातून बाहेर पडताना एक डावीकडे वळायची, दुसरी उजवीकडे.

तर आता अशा बाईच्या मुलीला आशीर्वाद द्यायचा होता. जयवंताबाईंनी तो दवाखान्यातल्या कामासारखा अंगावर घेतला. जखम धुवायला रोगी आवडावा लागत नाही, असं त्या नव्या नर्सांना सांगत. हात स्वच्छ पाहिजेत, काम नीट झालं पाहिजे, मन येईल मागून. आशीर्वादाचंही तसंच करायचं त्यांनी ठरवलं. आधी नुसता सराव करायचा.

सरावाला डोकं कुठून आणणार? स्वयंपाकघरातला पाण्याचा माठ उंचीला बरोबर होता. जयवंताबाईंनी त्याच्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "सलोमी, देव तुह्या दारात उभा राहो. तुह्या घरातलं भांडण दिवा लागायच्या आत मिटो. तुह्या हातचं खाऊन कोणी उपाशी न उठो. अन् तुह्या आईसारखी जीभ तुले न मिळो."

शेवटचं वाक्य बायजाबाईंचं नव्हतं. बायजाबाईंचं होतं, "तू जाशीन तिथं त्याची कृपा तुह्या पुढं चालो." जयवंताबाईंनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा शेवटी जीभ तिकडेच वळली. तिसऱ्या खेपेला तर 'सलोमी' म्हणतानाच दात आवळले गेले.

शेजारची मनकर्णाबाई ताकाचा गडू परत करायला आली होती, ती दारातच थबकली. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातली ही बाई, जयवंताबाईंची जिवाभावाची मैत्रीण.

"काहून वं सिस्टर, माठाले काय समजावून राहिली?"

जयवंताबाईंनी काही न लपवता सांगितलं. मनकर्णाबाई गडू मांडीवर घेऊन खालीच बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्यात बरं हाय बाप्पा. आशीर्वादाचीबी परीक्षा असते." मग गडू खाली ठेवून म्हणाली, "मनात नाही तर काहून देतेस वं? सांग ना, देत नाही म्हून."

"मनात यायची वाट पाहिली तर ती पोट्टी म्हातारी होईन," जयवंताबाई म्हणाल्या. "मले द्याचा हाय तो मी देईन. मनाले नंतर पाहू."

त्यांनी जाळी धुतली, सावलीत वाळवली आणि कांताबाई मागायला येण्याची वाट पाहू लागल्या. दुसरा रविवार गेला. तिसऱ्यांदाही नावं वाचून झाली. लग्न शनिवारवर आलं, पण साखरेची वाटी घेऊन कोणी आलं नाही. आले ते पाळक आनंदराव, डोक्याला उपरणं गुंडाळून, भर उन्हात.

"जयवंताबाई, सांगायचं असं होतं की कांताबाईंनी बर्डीच्या बाजारातून नवीन जाळी आणलीय," त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. "तुमच्याकडे यायला त्यांना जड जात असणार. मीही म्हटलं, राहू द्या. मी वेदीसमोर आशीर्वाद देतोच आहे. तुम्हीही सुटलात."

जयवंताबाईंना इतकं हलकं वाटलं, की पाळकांसमोर हसू फुटू नये म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. आता कोणी नावं ठेवणार नाही. द्यायला तयार होते, मागायलाच कोणी आलं नाही. माठाची कटकटही संपली. पण हा आनंद उलटा होता, हे त्यांच्या ध्यानात आलं. आशीर्वाद द्यावा लागणार नाही म्हणून आनंद होणं, ही काही चांगली गोष्ट नव्हे. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्या समोरच्यावर डाफरत.

"सुटली म्हणजे काय पाळकसाहेब? मी काय कोठडीत होती?"

"तसं नाही. पण त्या मागायलाच आल्या नाहीत, तर तुम्ही देणार कसं?"

"तुमीच तर दर रविवारी सांगता, का आपण मागाच्या आधीच देवानं देऊन टाकलं. का ते फक्त रविवारी खरं असते?"

पाळकांनी उपरणं पुन्हा डोक्याला गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी जयवंताबाई जाळीचं गाठोडं मांडीवर घेऊन सायकलरिक्षानं नंदनवनात गेल्या. कांताबाईंच्या अंगणात पापड वाळत होते. कांताबाई बाजेवर बसून राखण करत होत्या. गुडघ्यांनी त्यांना पार टेकीला आणलं होतं. जयवंताबाईंना फाटकात पाहून त्या उठू लागल्या आणि अर्धवट उठून तशाच थांबल्या.

"बस, उठू नको," जयवंताबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "कांता, जाळी आणली."

"आमी इकत आणली, सिस्टर. बर्डीवरून."

"समजलं. मंग तुहीच घाल. मी नुसता हात ठेवीन डोक्यावर."

कांताबाईंनी पापडांकडे बघत मान हलवली. "नको."

"काहून?"

"तुमच्या तोंडात आशीर्वाद असन अन् मनात दुसरंच असन. माह्या पोट्टीले तुमच्या मनातलं लागन. मले भेव वाटते, सिस्टर. राग नका मानू."

खिडकीच्या पडद्याआड सलोमी उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. जयवंताबाईंना भडकून बोलायचं होतं, पण ते माठावरचं शेवटचं वाक्य आठवलं. ही बाई खोटं कुठे बोलत होती?

कांताबाईच पुढे बोलल्या. "अन् मी तवाबी खोटं नव्हती बोलली. तुमच्या शामलाले झटके येताना म्या पाह्यलं होतं. तुमच्याच घरात. म्याच पाणी आणून दिलं होतं तुमाले."

"तापाचे झटके होते ते, कांता. तीन वर्साची होती पोट्टी. मलेरियाचा ताप डोक्यात गेला होता. तसे झटके कितीक लेकरांले येतात अन् मोठेपणी त्याचं काही राहत नाही. त्याले मिरगी नाही म्हणत."

"मले कसं समजन ते? मी काय सिस्टर हाय?" कांताबाईंनी वर पाहिलं. "तुमी सांगितलं का कधी? भांडाले तरी आल्या असत्या तर समजलं असतं. तुमी तोंडच बंद केलं."

जयवंताबाई गाठोडं घेऊन परत फिरल्या. रिक्षात ऊन पायांवर येत होतं तरी त्यांनी पाय आत घेतले नाहीत. अर्ध्या नागपुरातल्या आयांना तापाचे झटके म्हणजे काय, हे त्यांनी समजावलं होतं. रडणाऱ्या, किंचाळणाऱ्या, अंगारे आणायला निघालेल्या बायकांना हाताला धरून बसवून समजावलं होतं. भिंतीपलीकडच्या बाईला तेवढं सांगितलं नाही. का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर कांता फक्त चुकलेली ठरली असती. त्यांना ती वाईट हवी होती.

आणि त्याहून मोठं एक होतं, ते रिक्षा आवाराच्या फाटकाशी येईपर्यंत त्यांनी मनात येऊ दिलं नाही. जबलपूरला तरी त्या कुठे गेल्या होत्या? एक गाडी पकडायची, मास्तरांच्या घरच्यांसमोर बसायचं आणि चार वाक्यं बोलायची. सिस्टरचं बोलणं त्यांनी ऐकलं असतं. पण ज्यांना माझ्या पोरीवर भरवसा नाही त्यांच्या दारात मी जाणार नाही, असं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आणि सगळ्यांनी त्यांच्या स्वाभिमानाचं कौतुक केलं होतं.

शुक्रवारी दुपारच्या एसटीनं शामला उमरेडहून आली. सलोमीच्या लग्नाची पत्रिका तिला वेगळी गेली होती, आणि ती येणार हे तिनं आईला कळवलंही नव्हतं. तिनं पिशवी ठेवली, हातपाय धुतले, माठातलं पाणी प्याली आणि आईकडे एकदा नीट पाहिलं.

"आजारी हायेस का?"

"नाही."

"मंग बोल."

जयवंताबाईंना 'बोल' असं इतकं सरळ कधी कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. देवळातल्या माना, बर्डीवरची जाळी, कांताबाईंचं म्हणणं. शेवटी जबलपूरचंही सांगितलं. ते सांगताना त्या शामलाकडे न बघता पायाच्या नखांकडे बघत होत्या. "मी गेली असती तर तुहं लग्न झालं असतं. कांताले दोष देत राहिली अन् माह्या वाटचं कोणालेच सांगितलं नाही."

शामलानं आईच्या पायांजवळ बसकण मारली. मग म्हणाली, "मले माहीत हाय, आई."

"काय माहीत हाय?"

"तू गेली नाही हे. मी बावीस-तेवीस वर्साची होती, कुकुलं बाळ नव्हती. तवा रोज वाटे, आज आई जाईन. तू नाही गेली. दोन वर्सं मी तुह्यावर लई राग धरला. कांतामावशीवर एवढा नव्हता."

जयवंताबाईंनी वर पाहिलं. हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. दर सुट्टीला मुलगी येत होती, भाकरी थापत होती, त्यांच्या पायांना तेल चोळत होती.

"मंग?"

"मंग सोडला. उमरेडले माह्या पोट्ट्या हायेत शाळेत, घर हाय, मोगरा हाय दारात. माहं बरं चाललं. तुले मात्र ते बरं दिसत नाही. मी आली का तू माह्याकडं अशी पाहतेस, जशी मी अजून तिसऱ्या रविवारीच बसून राहिली हाय. कांतामावशीचा राग तू माह्या नावानं धरला. मले एकदा तरी विचारलं का, शामला, हा राग तुले पाहिजे का म्हून?"

हे ऐकणं सोपं नव्हतं. जयवंताबाईंना माफी मागावी असं वाटत होतं. पण माफी आपल्याला कधीच मिळून गेली आहे आणि आपण इतकी वर्षं तिच्यावर जेवतो आहोत, तिच्या हातून तेल चोळून घेतो आहोत, हे कळल्यावर मागायचं तरी काय? त्या नुसत्या रडल्या. वॉर्डात कोणाचाही जीव गेला तरी न रडलेली ती बाई, पदर न शोधता, भरल्या नाकानं रडली.

शामला उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं आईच्या डोक्यावर हात ठेवला. बायजाबाईंचे शब्द तिला पाठ होते. एवढ्या लग्नांत ऐकले होते, कोपऱ्यात उभं राहून. "देव तुह्या दारात उभा राहो," ती म्हणाली, आणि शेवटपर्यंत म्हणाली. कुठेही अडखळली नाही.

शनिवारी दुपारी दोघी मायलेकी वेळेआधी देवळात पोहोचल्या. जाळीचं गाठोडं घरी ठेवलं होतं. जयवंताबाईंच्या हातात होती साखरेची वाटी.

बाजूच्या खोलीत नवरीला सजवत होते. दारात कांताबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. जयवंताबाईंना पाहून त्यांनी दाराच्या दुसऱ्या बाजूलाही हात टेकला आणि वाट अडवली. अंगणातल्या बायकांच्या माना वळायच्या त्या वळल्याच.

"कांता," जयवंताबाई म्हणाल्या, आणि वाटी पुढे केली. "मी मागाले आली."

कांताबाईंना कळेना. साखर आणायची ती नवरीच्या आईनं, आणि होकार द्यायचा तो जाळीवालीनं. मंडळीत असं उलटं कधी झालं नव्हतं.

"काय मागता?"

"तुह्या पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवाची परवानगी. देशीन तर ठेवीन. नाही म्हटलं तर मागच्या बाकावर बसून लग्न पाहीन, अन् जेवून जाईन." जयवंताबाईंचा आवाज वॉर्डातलाच होता. "अन् तुले सांगाचं होतं ते तवाच सांगाले पाहिजे होतं. मी नाही सांगितलं. तुही चूक तुले कोणी दाखवलीच नाही, अन् मी ती पाप म्हून धरून बसली."

"मनात काय हाय तुमच्या?" कांताबाईंनी अगदी हळू विचारलं.

"थोडंसं अजून हाय. खोटं नाही सांगत. पण ते पोट्टीसाठी नाही. अन् काल माह्या शामलानं मले माफ केलं, माह्या लायकीकडं न पाहता. घरात एवढं मोठं आलं, ते एकटीनं ठेवाले जागा नाही, म्हून घेऊन आली."

कांताबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग जयवंताबाईंच्या मागे उभ्या असलेल्या शामलाकडे. "शामला, बाई, माह्यानं..."

"मावशी, आंधी आत चाला," शामला म्हणाली. "नवरी घामानं भिजून राहिली."

कांताबाईंनी दाराला लावलेला हात काढला. बोटांच्या टोकांनी चिमूटभर साखर उचलली आणि तोंडात टाकली.

आत सलोमी बर्डीवरची कोरी जाळी डोक्यावर घेऊन बसली होती. घाबरली होती बिचारी. आईचं भय तिलाही लागलं असणार. जयवंताबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाळीवरून तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता शब्द येतात की नाही, अशी त्यांना क्षणभर धाकधूक वाटली. पण शब्द आले, एकामागून एक, आणि शेवटचं वाक्यही बायजाबाईंचंच आलं. जीभ कुठे वळली नाही. सलोमीनं मान वर केली तेव्हा ती हसत होती, आणि जयवंताबाईंना ती पोर पहिल्यांदाच तिच्या आईपासून वेगळी, नुसती पोर म्हणून दिसली.

पेटी वाजू लागली. शामलानं नवरीला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर नेलं, बाकीच्या पोरी मागून धावल्या. खोलीत दोघीच राहिल्या. कांताबाईंनी नवरीच्या मागे जायला हवं होतं, पण त्या खुर्चीला धरून तशाच उभ्या होत्या. मग त्या सलोमी उठली त्याच खुर्चीवर बसल्या, आणि पदर डोक्यावर घेऊन त्यांनी मान खाली घातली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "मलेबी."

जयवंताबाईंनी पोरीचं ठरवलं होतं. त्यासाठी घाम गाळला होता, ऊन खाल्लं होतं, वाटी घेऊन चारचौघांत उभ्या राहिल्या होत्या. आईचं काहीच ठरवलेलं नव्हतं. हे डोकं त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं, आणि मनात जे थोडंसं उरलं होतं ते नेमकं याच डोक्यासाठी होतं. हात अंगाला चिकटून राहिला. बाहेर पाळकांनी पेटीवाल्याला थांबायची खूण केली असावी, कारण पेटी मध्येच बंद पडली. देऊळभर माणसं नवरीच्या आईची वाट पाहत होती.

कांताबाईंनी मान वर केली नाही. हात पडेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती, तरी त्या तशाच वाकून थांबल्या होत्या.

जयवंताबाईंनी हात उचलला. तो जड गेला, अगदी कोपरापासून जड गेला. त्यांनी तो त्या पदरावर ठेवला आणि म्हणाल्या, "कांता."